अंगावरून उतरू नये

सकाळी आंघोळ करून पाटावर बसले, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतलं, आणि हात गप्प होता. आधी वाटलं, मीच अजून झोपेत आहे. काल मशीनवरून उतरल्यापासून डोकं जड होतं, अंगात त्राण नव्हतं, तर आज हातालाही कळत नसेल. म्हणून हात जरा खाली केला, वर केला, मनगट वळवून पाहिलं. लिंग तळहातावर तसंच होतं, काळंभोर, चकचकीत, आणि मनगटाच्या वरच्या अंगाला जी घरघर गेली चार वर्षं माझ्या सोबतीला होती ती नव्हती. पूजेत नजर लिंगावरून हलू द्यायची नसते. खरं सांगते, माझी नजर लिंगावर असायची पण मन त्याच्या खाली असायचं, त्या घरघरीत. रोज सकाळी ती लागली की वाटायचं, चला, आजचा दिवस आपला. मठातल्या स्वामींना हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणले असते, शिवकांता, तू देवाची पूजा करतीस का शिरेची?

किडन्या कामातून गेल्या तेव्हा लातूरच्या डॉक्टरांनी डाव्या मनगटाच्या वर एक धमनी आणि एक शीर एकमेकींना शिवून टाकली. फिस्टुला म्हणतात त्याला. तेव्हापासून त्या शिरेतून रक्त असं धावतं की बोट ठेवलं तरी कातडीखाली घरघर लागते. शीर फुगून करंगळीएवढी झाली, पोरंसोरं हात बघून घाबरतात. तिच्यातच आठवड्यातून तीनदा दोन जाड सुया जातात, एकीतून रक्त मशीनमध्ये आणि दुसरीतून धुऊन परत. डायलिसिसवाली तनुजा त्या घरघरीला थ्रिल म्हणते. मी गिरणी म्हणते, कारण माझा जन्म गिरणीत गेला. उदगीरला आमची पिठाची गिरणी होती, मागच्या खोलीत आम्ही राहायचो. भाकरी थापता थापता मला भिंतीपलीकडचं सगळं कळायचं, पट्टा कधी सैल झाला, दाणा कधी संपत आला, कुणाची ज्वारी ओली आहे. गिरणी बंद पडायच्या आधी तिचा आवाज जरा बसतो, आणि मी पिठाच्या हातांनीच ओरडायचे, अहो, बघा तिकडं. काल मात्र काही कळालं नाही. मी झोपले होते.

उजव्या हाताची बोटं मनगटापासून कोपरापर्यंत चालवली. शीर होती, पण वाळल्या शेंगेसारखी टणक, दाबली तरी दबत नव्हती. हात कानाला लावला. आपल्याच नाकातल्या श्वासाचा आवाज आला, दुसरं काही नाही. मग हात वर करताना पोलक्याची बाही सरकली आणि मला दंडावरचा वळ दिसला. दंडाभोवती गोल, दोरीच्या जाडीचा, कडेनं लालसर, मध्ये पांढरा. लिंग हातातच होतं. मघाशी पूजेला बसायच्या आधी तिथूनच सोडून घेतलं होतं मी ते, गाठीचं एक टोक ओढून. पोत्याची गाठ होती. मालकांच्या हातची पोत्याची गाठ, टोक ओढलं की सुटते, नाही ओढलं तर बैल ओढो की माणूस, सैल होत नाही. बाथरूममध्ये मालक अंगावर तांब्या ओतत होते आणि नमः शिवाय म्हणत होते, आणि मी वळ बघत बसले होते. दुसरं काही सुचलं नाही म्हणून भस्माची वडी उचलली, पाण्यात ओली केली, आणि दंडावर तीन बोटं ओढतात तशी ओढली, मग त्यावर पुन्हा ओढली, वळ दिसेनासा होईपर्यंत.

कालचं सगळं तेव्हा डोळ्यांपुढं आलं. मशीनवरून उतरताना धाप लागली होती, म्हणून डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला. एक्स-रेच्या खोलीतली पोरगी म्हणाली, गळ्यातलं काढा. म्हणलं, हे निघत नसतं. ती म्हणाली, मावशी, मंगळसूत्र निघतं, मग हे का नाही निघत? मंगळसूत्र तर मी कधीच काढून पिशवीत टाकलं होतं. नवऱ्याच्या नावाचं काढायला माझी ना नाही, नवरा बाहेर बाकावर धडधाकट बसलेला होता. पण आम्हा लिंगायतांत लिंग बाळपणी अंगावर बांधतात ते अंगावरून उतरू नये. देवणीला माहेरी माझी आई, अव्वा, शेवटी अंथरुणाला खिळली, लेकरं ओळखेना झाली, तरी कूस बदलली की हात आधी गळ्यातल्या लिंगावर जायचा. ते मी पाहिलेलं. त्या पोरीनं ट्रे पुढं केला, रक्ताच्या बाटल्या ठेवतात तसला, आणि माझं डोकं फिरलं. म्हणलं, तुझ्या ट्रेमध्ये तुझं डोकं ठेव. आवाज ऐकून मालक आत आले. त्यांचं सगळं हळू असतं, बोलणं हळू, चालणं हळू. म्हणले, "भांडू नको. गळ्यातून काढू, अंगावरून न्हाई काढायचं. दंडाला बांधतो की." आणि मी हात पुढं केला.

डावा हात. डावाच का, हे मी सकाळपासून स्वतःला किती वेळा विचारलं असेल. त्या हाताला चार वर्षांत बांगडी शिवली नाही. लेकीच्या लग्नात कासार समोर बसला तेव्हाही मी उजव्या हातात दुप्पट भरून घेतल्या आणि डावा पदराखाली ठेवला, बाया काय म्हणायच्या ते म्हणोत. घड्याळ नाही, पिशवी नाही, बीपीचा पट्टा नाही, डाव्या कुशीवर झोपणं नाही. पोलक्याची डावी बाही मी उसवून सैल करून घेतलेली. भाऊबीजेला भाऊ यात्रेतून आणलेला दोरा बांधायला लागला तर त्याचा हात झटकला होता मी. आणि काल तोच हात मी आपण होऊन पुढं केला, कारण लिंग डाव्या तळहातावर घेतात, तो लिंगाचा हात. बांगडी म्हणजे बांधणं, दोरा म्हणजे बांधणं, पण लिंग ही बांधायची वस्तू आहे असं ना माझ्या डोक्यात आलं ना त्यांच्या. ते अंगच असतं ना आमचं. अंगाला अंग कसं काय आवळेल? घरी येताना रिक्षात मला ग्लानी आली, मशीननं पाणी जास्त ओढलं की बीपी उतरतो. मालकांनी तसंच अंथरुणावर टाकलं, पांघरूण घातलं. लिंग पुन्हा गळ्यात घ्यायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. वरून दोरी, आतून रक्ताला जोर नाही, आणि अशी रात्र गेली.

मालक बाहेर आले तेव्हा मी लिंग गळ्यात घातलं होतं आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. म्हणलं, "बंद पडलं."

"काय?"

"हात. गिरणी बंद पडली."

ते ओल्या अंगानं खाली बसले, माझं मनगट दोन्ही हातांत घेतलं आणि बोटांनी चाचपू लागले. गिरणीत पीठ जाडं आलं की बारीक ते असंच चिमटीत घेऊन बघायचे. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांची नजर वर दंडाकडं गेली, भस्माकडं, आणि तिथं जरा थांबली. म्हणले, "चल, उठ." कपडे घालताना त्यांनी सदरा उलटा घातला, मीच सांगितलं सुलटा करायला.

तनुजाला फोन लावला. तिनं चोळू नका, शेकू नका म्हणून आधी बजावलं, मग विचारलं, काकू, रात्री हातावर काही आलं होतं का? म्हणलं, कळत नाही बाई. ती म्हणाली, गुठळी ताजी असेल तर काढता येते, उशीर केला तर नाही येत. हे ऑपरेशन करणारे आपले सर गावाला गेलेत, नांदेडला फोन करून ठेवते, असेच्या असे निघा. गल्लीतल्या केरबाची गाडी होती, तो निघाला. तोही नाष्टा न करता आला बिचारा.

लातूर मागं पडलं आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. सोयाबीनच्या राशी चालू होत्या, मळणीयंत्राचा भुसा रस्त्यावर येत होता, केरबानं काचा वर केल्या. मालक पुढं बसले होते. त्यांची मान मला मागून दिसत होती, केस पांढरे झालेले, कानामागं साबण राहिलेला. आणि मला त्यांचा इतका राग आला की वाटलं, त्या मानेवर एक चापट मारावी. एवढी घट्ट गाठ? पोतं होतं का मी? चाळीस वर्षं पोती बांधली म्हणून बायकोचा दंडही तसाच बांधायचा? पण राग चाकूरपर्यंतही टिकला नाही. सैल बांधलं असतं आणि रिक्षात कुठं पडलं असतं, तर मीच त्यांना जन्मभर बोलले असते. लिंग हरवणं म्हणजे आमच्यात माणूस हरवणं. ते त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी घट्ट बांधलं. माझ्यासाठीच बांधलं. मग राग त्या एक्स-रेवाल्या पोरीवर गेला, तिच्यावरून धापेवर, धापेवरून मी परवा पथ्य मोडून चोरून खाल्लेल्या मोसंबीवर आणि वर प्यालेल्या तांब्याभर पाण्यावर. शेवटी तो कुणावरच टिकेना, आणि उरली ती नुसती भीती.

भीती मानेतल्या नळीची. फिस्टुला होण्याआधी मला ती नळी घातली होती. उजव्या मनगटावर आधी एक फिस्टुला करून पाहिला, तो पिकलाच नाही, शीर फुगलीच नाही, बारीक निघाली. तोवर मानेतून नळी. तिचं एक तोंड आत काळजापाशी आणि दुसरं बाहेर, चिकटपट्टीनं छातीवर चिकटवलेलं. डोक्यावरून आंघोळ नाही, हसायचं नाही, खोकताना नळीवर हात धरायचा. आणि एक दिवस मशीन चालू केल्याबरोबर थंडी वाजून आली. तसली थंडी मी बाळंतपणातही बघितली नव्हती. पलंग हलत होता, तनुजा अंगावर आडवी पडून मला दाबून धरत होती. नळीतून जंतू रक्तात गेले होते. त्यात मी कुठं कुठं जाऊन आले ते मलाच माहीत. देवणीच्या घरात अव्वा भाकरी करताना दिसली, ती माझ्याकडं बघेना. वाचले, पण शेजारच्या पलंगावरची गुरम्मा तशाच थंडीत गेली, तिच्या मानेलाही नळीच होती. तेव्हापासून मी या हाताला जपलं, तान्ह्या लेकराला जपत नाहीत तसं. लेक म्हणते, माझी किडनी घे. तिच्या पोटात आत्ता कुठं लेकरू राहिलंय. म्हणलं, पुन्हा हे तोंडातून काढशील तर फोन उचलायची नाही. माझ्यापाशी हात आहे ना. असं म्हणायचे मी, माझ्यापाशी हात आहे.

लोह्याच्या पुढं डुलकी लागली असावी. जाग आली तेव्हा उजवा हात डाव्या मनगटावर होता, आणि क्षणभर मला घरघर लागली. गाडीची होती ती. केरबानं रस्त्याच्या खड्ड्यासाठी गाडी हळू केली आणि ती गेली. तेव्हा मला भलतंच सुचलं. आमच्यात माती देताना लिंग माणसाच्या डाव्या तळहातावर ठेवतात आणि तसंच बसवून पुरतात. आपला हात आधीच पुढं जाऊन तिथं बसलाय, बाकीची आपण मागून जातोय, असं काहीतरी. तोंडाला कोरड पडली. पाणी मला मोजूनच असतं, चघळायला पिशवीतून बर्फाचा खडाही आणला नव्हता. मालकांनी मागं वळून विचारलं, "बरं वाटायलंय का?" म्हणलं, "हाव." त्यांनी मागं हात केला आणि माझा गुडघा थोपटला. नांदेड येईपर्यंत तो हात त्यांनी तसाच अवघडून ठेवला.

नांदेडचे डॉक्टर तरुण होते, पण बोलणं मोजकं. सोनोग्राफीच्या मशीननं शीर बघितली, पडद्यावर मलाही दाखवली, मला त्यात ओल्या मातीसारखं काहीतरी दिसलं. म्हणले, "मनगटापासून वरपर्यंत भरलीय. प्रयत्न करतो. कशानं झालं? बीपी उतरला होता?"

"हाव. काल मशीननंतर."

"हाताला काही बांधलं होतं का?"

मालक दाराशी उभे होते. त्यांच्या हातात माझ्या फायली होत्या, त्या त्यांनी छातीशी धरल्या होत्या. मला दिसलं की ते तोंड उघडताहेत. मी घाईनं म्हणलं, "हात उशाखाली आला झोपेत. रात्रभर तसाच राहिला. माझंच ध्यान नव्हतं." डॉक्टर म्हणले, होतं असं. मालकांनी तोंड मिटलं. मला बरं वाटलं. चार वर्षांत माझ्यापायी या माणसानं गिरणी विकली, गाव सोडलं, डाळीतलं मीठ सोडलं. त्यात हे एक ओझं कशाला? आणि आत कुठंतरी असंही वाटत होतं की गुठळी निघून जाईल, घरघर लागेल, आणि मग कुणी काही विचारणारच नाही.

सिस्टरनं अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. या वेळी मी भांडले नाही. गळ्यातून लिंग काढलं आणि मालकांच्या हातावर ठेवलं. त्यांनी डावा तळहात पुढं केला होता, पूजेला करतात तसा. म्हणलं, "खाली ठेवू नका." ते म्हणले, "न्हाई ठेवत."

आत दंडावरचं भस्म सिस्टरनं औषधाच्या बोळ्यानं पुसलं. वळ अजून होता. डॉक्टरांनी तो बघितला, माझ्याकडं बघितलं आणि हातमोजे घातले. हात बधिर केला होता, पण माणूस बधिर होत नाही. पडद्यापलीकडं काय चाललंय ते सगळं कळत होतं, ओढल्यासारखं, सोडल्यासारखं. एकदा डॉक्टर म्हणले, "आली, आली," आणि मी श्वास धरला. मला वाटलं, लागली घरघर, खरंच लागली. मी सिस्टरला म्हणलं, बोट ठेवून बघा ना बाई. तिनं ठेवलं. मग तिनं डॉक्टरांकडं बघितलं. थोड्या वेळानं पुन्हा ओढणं, पुन्हा सोडणं. पुन्हा एकदा आली आणि गेली. मी मनात कुठल्याच देवाचं नाव घेतलं नाही, हे मला नंतर आठवलं. मी नुसती त्या शिरेला म्हणत होते, चल गं, चल माझे बाई, एकदा चल.

डॉक्टर पडद्याच्या अलीकडं आले आणि स्टुलावर बसले. म्हणले, "आई, डाव्या हाताचं आता विसरायचं. शीर आतून खराब झालीय, दंडापर्यंत. जखम भरली की उजव्या दंडात बघू, नाही जमलं तर मांडीतून काहीतरी करू. तोवर मानेतून." मी विचारलं, "तोवर म्हणजे कधीवर?" ते म्हणले, "महिने लागतील." मी मान उजवीकडं वळवून दिली. त्यांनी तोंडावर हिरवं फडकं टाकलं, आणि त्याच्या आत मी रडून घेतलं. तिथं कुणाला दिसत नव्हतं.

वॉर्डात आणलं तेव्हा मालक खाटेपाशी उभे होते. डावा हात पुढं, त्याच्या कोपराला उजव्या हाताचा टेकू, आणि तळहातावर लिंग. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, मघापासून असेच उभे आहेत, बस म्हणलं तर बसेनात. डॉक्टरांनी त्यांना बाहेरच सगळं सांगितलं होतं. सिस्टरनं मला सरळ केलं, नळीवरची पट्टी दाबून बघितली आणि त्यांना बजावलं, गळ्यात काही घालायचं नाही. उजव्या हाताला आता जपायचं, काही बांधायचं नाही, सुई नाही, बीपी नाही. काय करायचं ते डाव्याला करा. ती निघून गेली.

मालक उभेच. मग खालच्या आवाजात म्हणले, "मग हे कुठं बांधू?"

मी डावा हात पुढं केला. बँडेज मनगटाला होतं, दंड मोकळा होता. म्हणलं, "बांधा की. आता ह्याला काय व्हायचं राहिलंय?" हसायचा विचार होता, पण मान हलवता येईना.

त्यांनी दोरी दंडाभोवती घेतली. किती वेळ लावला त्यांनी, पोतं तर ते बोलता बोलता बांधायचे. गाठ मारली ती अशी की मारली न मारली. मी हात जरा उचलला तर लिंग कोपरापर्यंत घसरत आलं.

"घट बांधा. पडंल."

"न्हाई."

"अहो, पडलं तर?"

"मी धरून बसतो." त्यांनी स्टूल ओढलं, लिंग वर सरकवलं आणि तळहात त्यावर ठेवला. थोड्या वेळानं म्हणले, "उशी न्हवती ती, शिवकांता. सकाळी भस्म एवढं थापलं होतं, तवाच कळालं मला."

मला काही बोलायचं होतं. हात मीच पुढं केला होता, हे सांगायचं होतं. पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसायला हात रिकामा नव्हता, आणि मी डोळे मिटून झोप लागल्याचं सोंग केलं. दोरी आणि माझा दंड यांच्यामध्ये त्यांनी आपली दोन बोटं घातली होती. संध्याकाळचा चहा आला, गेला, तरी ती त्यांनी काढली नाहीत.